बिनचावीच्या गाड्या आणि बाळा घाडी

सुमंगल सोसायटीत गाड्या चौदा आणि जागा सहांची. विलेपार्ल्यात, पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवरची ही चार मजली इमारत ज्यांनी बांधली, त्यांना घरटी गाडी ही गोष्ट स्वप्नातसुद्धा दिसली नसेल. त्यांनी कंपाउंडात जागा सोडली ती तुळशीवृंदावनाला, सायकलींना आणि पोरांच्या लगोरीला. आता तिथे गाड्यांच्या तीन रांगा लागतात, एकीच्या शेपटाला दुसरीचं नाक. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या गाडीला बाहेर पडायचं, तर पुढच्या तीन-चार गाड्या आधी हलल्या पाहिजेत. म्हणजे तीन-चार मालक अंघोळीतून, पूजेतून नाहीतर अर्ध्या दाढीतून खाली आले पाहिजेत.

त्यांना यावं लागत नाही, कारण बाळा आहे.

बाळा घाडी, वय चोपन्न, गाव कणकवलीच्या अलीकडे, राहायला वाकोल्याला. बाप गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली आणि बाप गावी जाऊन बसला. बाळाने वाकोल्यात टॅक्स्या धुतल्या, धुता धुता चालवायला शिकला आणि बावीस वर्षांपूर्वी सुमंगलमध्ये आला. कागदावर त्याचं काम गाड्या धुण्याचं. खरं काम रांग लावण्याचं. पहाटे साडेपाचला सायकल भिंतीला टेकवली की तो आधी बादलीला हात लावत नाही. आधी रांगेकडे बघतो. सातला कोण निघणार, सव्वासातला कोण, दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर गुरुवारी उशिरा का जातात, चौथ्या मजल्यावर काल नवराबायकोचं वाजलं असेल तर तो आज किती वाजता सटकेल, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्या हिशेबाने तो पत्ते पिसावेत तशा गाड्या पिसतो. ज्याला आधी जायचं त्याची गाडी पुढे. बावीस वर्षांत एकाही माणसाने सकाळी खाली येऊन हॉर्न वाजवला नव्हता.

याचं सगळं मर्म वॉचमनच्या केबिनमधल्या बोर्डात. सुताराकडून उरलेली प्लायवुडची फळी, तिला सोळा आकडे, प्रत्येक आकड्याखाली ऑइलपेंटने फ्लॅटचा नंबर. रात्री गाडी लावली की मालक चावी आकड्याला अडकवून वर जातो. कोणी कोणाला विचारत नाही, कोणी पावती मागत नाही. बाळाला चाव्या हाताने कळतात. पितळी गणपतीवाली डॉक्टरांची, बाटली उघडायची पट्टी लावलेली पहिल्या मजल्यावरच्या प्रीतमची, मालवणहून आणलेल्या शिंपल्याची तिसऱ्या मजल्यावरची. डोळे मिटून सांगेल.

आणि मग आल्या या बटणाच्या गाड्या.

पहिली आणली कुंदाकाकूंनी. कुंदाकाकू तळमजल्यावरच्या, एकाहत्तर वर्षांच्या, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गाडीची चावी म्हणून त्यांनी बाळाच्या हातात एक काळी गुळगुळीत वडी ठेवली.

"हे काय?"

"चावी."

"दात खय हत हिचे?" आश्चर्य वाटलं की बाळाच्या तोंडून मालवणी निघते.

"नसतात तिला दात. ही नुसती पर्समध्ये असली की दार उघडतं. आत बसायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बटण दाबायचं."

"आणि ही लावायची कुठे?"

"कुठेच नाही. जवळ असली म्हणजे झालं."

हे 'जवळ असली म्हणजे झालं' बाळाच्या टाळक्यात गेलं ते तिथेच अडकलं. कुलूप आहे आणि त्यात घालायचं काही नाही, हा काय प्रकार. पण त्याने ती वडी इमानाने आकड्याला अडकवली. नवव्या दिवशी काकूंची गाडी मेली. बॅटरी संपलेली. मेकॅनिक आला, हसला आणि म्हणाला, केबिन गाडीपासून दोन हातांवर, चावी केबिनमध्ये, त्यामुळे गाडीला रात्रभर वाटतं की मालक शेजारीच उभा आहे. ती झोपतच नाही. दारंही धड लॉक होत नाहीत. कोणीही येऊन बटण दाबलं तर चालू.

"म्हणजे चावी लांब ठेवली तर गाडी चालत नाय, आणि जवळ ठेवली तर गाडी झोपत नाय," बाळा म्हणाला. "गाडी आहे का तान्हं पोर?"

शेवटी त्याने फरसाणाचा एक पत्र्याचा डबा आणला, काकूंची वडी त्यात टाकून घट्ट झाकण लावलं आणि डबा आकड्याला टांगला. पत्र्याआडून गाडीला मालक दिसेना. गाडी झोपायला लागली.

पुढच्या दीड वर्षात अशा तीन वड्या डब्यात जमा झाल्या. तिन्ही एकसारख्या काळ्या, हाताला काही म्हणून कळत नाही. बाळाने त्यांना रंगीत दोरे बांधले. हळूहळू त्याला हेही कबूल करावं लागलं की सगळंच काही वाईट नाही. काकूंना संधिवात. जुन्या गाडीची चावी फिरवताना त्यांची बोटं वळायची नाहीत, डोळ्यांत पाणी यायचं. दोन वर्षं गाडी चालवणं बंदच होतं. बटण आलं आणि काकू पुन्हा मंगळवार-शुक्रवार एकट्या फिजिओकडे जायला लागल्या. शिवाय पूर्वी महिन्यातून दोनदा कोणीतरी चावी आत ठेवून दार लोटून द्यायचं आणि बाळाला तार आणि पट्टी घेऊन खिडकीशी झटापट करायला लागायची. ती कटकट गेली. बाळा हे मान्य करायचा, पण तोंड वाकडं करून. जावयाचं कौतुक करावं लागलं की सासरा करतो तसं.

खरी वाट लावली चौथ्या गाडीने. ती श्रेयसची. श्रेयस सोसायटीचा सेक्रेटरी, वय छत्तीस. बाळा इथे आला तेव्हा हा चौदा वर्षांचा होता, बाळादादा म्हणून मागे मागे फिरायचा आणि बाळाने त्याला याच कंपाउंडात क्लच सोडायला शिकवलं होतं. सेक्रेटरी झाल्यापासून तो नुसतं 'बाळा' म्हणायचा, आणि बाळा त्याला 'तुम्ही' म्हणायला लागला होता. दोघांनाही ते बोचायचं आणि दोघंही काही बोलायचे नाहीत.

श्रेयसने वडी द्यायला साफ नकार दिला. "इन्शुरन्सवाले म्हणतात, चावी तिसऱ्या माणसाकडे असताना काही झालं तर ते हात वर करणार. आणि ही चावी म्हणजे नुसती चावी नाही रे, कॉम्प्युटर आहे. तुझ्या फरसाणाच्या डब्यात काय ठेवू?"

"मग गाडी हलवायची कशी?"

"मला फोन कर. मी येतो खाली."

पहिल्या आठवड्यात तो सहा वेळा खाली आला, दुसऱ्यात दोन वेळा, तिसऱ्यात फोन उचलेना. मग त्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रस्तावच आणला की बोर्ड बंद करावा, ज्याची चावी त्याच्याकडे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि गेटवर एजन्सीचे सिक्युरिटी गार्ड ठेवावेत. ते म्हणे आजकाल सगळीकडे असंच आहे. सगळीकडे म्हणजे कुठे, ते कोणी विचारलं नाही. बाळाला बोलावलं तेव्हा तो बादलीसकट आत आला.

"मला एक महिना द्या," तो म्हणाला. "या महिन्यात एकाची जरी गाडी अडली, तर मी स्वतः माझ्या हाताने बोर्ड काढतो. कोणाला सांगायला नको."

रात्री घरी मालनने, त्याच्या बायकोने, ते ऐकलं आणि पोळपाटावरून मान वर केली. "असा बोलाक तुका कोणी सांगलेला? गेटार गार्ड इलो काय तुका कोण ठेवतलो? चोपन्नाव्या वर्साक नवीन काम खय शोधतलस?"

"अडाची नाय एकय गाडी."

"तुझी नाय अडाची. तेंची अडात आणि तुझ्या डोक्यार येयत."

महिन्याचा सव्विसावा दिवस शुक्रवार होता. श्रेयसला बंगलोरचं विमान पकडायचं होतं. रात्री उशिरा येऊन त्याने गाडी नेमकी मधल्या रांगेत, प्रीतमच्या गाडीच्या पुढे लावून ठेवली होती. प्रीतम पहिल्या मजल्यावरचा, सिनेमा-सिरियलच्या सेटवर लागणारं सामान पुरवणारा. त्याला साडेसातला मढला निघायचं होतं.

सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना श्रेयस खाली आला, एका हातात बॅग, एका कानाला फोन. रिक्षा गेटाबाहेर थांबलेली.

"श्रेयसभाऊ, तुमची गाडी काढावी लागेल. प्रीतमला जायचंय. चावी?"

श्रेयसने फोनवरच्या माणसाला एक मिनिट म्हटलं, पँटच्या खिशावर थाप मारली आणि म्हणाला, "आहे रे, आहे. तू बस, चालू कर."

बाळा बसला. ब्रेकवर पाय, बटणावर बोट. श्रेयस खिडकीला टेकून उभा, त्यामुळे गाडी निमूट चालू झाली. बाळाने ती रांगेतून बाहेर काढली. बाहेरच्या रस्त्यावरून वळसा घेऊन शेवटच्या रांगेत घुसवायची, असा त्याचा बेत. श्रेयस फोनवर बोलत बोलत रिक्षात बसला आणि रिक्षा गेली.

गाडी टिंग टिंग करायला लागली. समोरच्या काचेवर इंग्रजीत काहीतरी उमटलं. बाळाला या गाड्यांच्या टिंग टिंगचा वीट आला होता. दार उघडं, टिंग. पट्टा नाही, टिंग. कोणीतरी पाठीमागून गेलं, टिंग. कंपाउंडात दहा हात गाडी हलवणारा माणूस पट्टा कशाला लावेल? त्यावर सगळे ड्रायव्हर करतात तोच उपाय बाळा करायचा, पट्टा पाठीमागून घेऊन खटकन अडकवून टाकायचा. आताही त्याने तेच केलं. टिंग टिंग थांबलं नाही, पण बाळाचं ऐकणं थांबलं.

गेटाच्या तोंडाशी तो आला आणि समोर शाळेची बस आडवी उभी राहिली. एक पोरगी चढेना, आई तिला ढकलतेय, बसमधली बाई ओढतेय. आता वेळ लागणार. आणि बाळाच्या हाताने बावीस वर्षं जे केलं ते केलं. उभ्या गाडीत दुसऱ्याचं पेट्रोल जाळायचं नाही, हा त्याचा धर्म. त्याने बटण दाबून इंजिन बंद केलं.

बस गेली. बाळाने ब्रेक दाबला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काचेवर तेच इंग्रजी वाक्य. आता त्याला ते वाक्य न वाचता कळलं. चावी रिक्षात बसून विमानतळाकडे निघाली होती.

गाडीचं अर्धं धूड आत, अर्धं फुटपाथवर. एका बाजूला वीतभर जागा, दुसऱ्या बाजूला माणूस तिरका होऊन जेमतेम जाईल एवढी. ढकलायची म्हटलं, तर गिअर बटणाचा, हँडब्रेकही बटणाचा, चाकं जागच्या जागी रुतल्यासारखी. वॉचमन आणि प्रीतमने मागून जोर लावला, गाडी फक्त वर-खाली झाली.

बाळाने फोन लावला. चौथ्यांदा श्रेयसने उचलला. मागे विमानांच्या घोषणा चालल्या होत्या.

"इंजिन कोणी बंद करायला सांगितलं तुला?"

"चालू ठेवा म्हणून कोणी सांगितलं?"

"अरे ही कॉमन सेन्सची गोष्ट आहे, बाळा."

"मी चावी मागितली होती."

"मी आत आलोय, आता बाहेर येता येणार नाही. दुसरी चावी गंधालीकडे आहे, पर्समध्ये. ती कॉलेजला गेली सकाळीच, बोरिवलीला. परीक्षा आहे तिकडे." गंधाली म्हणजे त्याची बायको. त्याने फोन ठेवला.

कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या बाईने अतिशय गोड आवाजात सांगितलं की कृपया चावी गाडीजवळ आणा. गाडी उचलून नेणाऱ्यांनी दोन तास सांगितले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ वाजेपर्यंत सत्तेचाळीस मेसेज पडले. डॉक्टर खाली आले, गाडीकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि रिक्षा पकडून गेले. कुंदाकाकू फिजिओसाठी तयार होऊन आल्या होत्या. त्या गेटातल्या फटीतून तिरक्या होऊन, भिंतीला धरून बाहेर पडल्या. त्यांची ती वाकडी बोटं भिंतीवरून सरकताना बाळाने बघितली आणि मान खाली घातली.  

"बाळाभाऊ, चल," प्रीतम म्हणाला. त्याने गेटाबाहेर लावलेली स्कूटर काढली होती. "बोरिवली. बस मागे."

हायवेवर जोगेश्वरीच्या सिग्नलला प्रीतमने हेल्मेटची काच वर केली.

"माझ्या गाडीत काय आहे माहितीये? अकरा समया, देवीचा मुखवटा आणि एक पालखी. मढच्या बंगल्यात नऊला आरतीचं शूटिंग होतं. आता डायरेक्टर माझीच आरती करणार."

"रिक्षाने नाय पाठवता आलं असतं?"

"पालखी? रिक्षाच पालखीत बसेल."

बाळाला हसू आलं नाही. "प्रीतम, मी बोर्ड काढणार."

"येडा झालास काय."

"शब्द दिलाय. गाडी अडली. एक नाय, तेराच्या तेरा अडल्या."

"चावी तो घेऊन गेला ना पण."

"बटण मी दाबलं."

"अरे यार, हे म्हणजे बघ, दाराला कडी नाही म्हणून दार लावणाऱ्याला फाशी."

"माझं डोकं उठवू नको," बाळा म्हणाला. "साधी चावी असती तर काय झालं असतं? माणूस चावी फिरवतो, काढतो, खिशात घालतो. गाडी बंद तर चावी हातात. चावी हातात नाय तर गाडी चालूच होत नाय. पोरालापण कळतं. आणि ही बया काय करते? मालक नसताना इमानदार कुत्र्यासारखी चालते, आणि मध्येच थांबवली की ओळख दाखवत नाय. अगोदरच नाय म्हणाली असती तर? रांगेतच उभी राहिली असती, फक्त तुझी अडली असती."

"तेच तर. माझीच अडली असती. म्हणजे तरी माझी आरती होणारच होती," प्रीतम म्हणाला आणि सिग्नल सुटला.

गंधाली बोरिवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पेपर चालू होता, त्यामुळे निरोप आत जाऊन ती बाहेर यायला पाऊण तास लागला. तोवर बाळा गेटावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे खुनशी नजरेने बघत होता. ती आली, पर्समध्ये हात घालून रुमाल, खडू, गोळ्यांचं पाकीट असं सगळं उपसून तळाची वडी काढली.

"बाळादादा, त्याने तुमच्याकडे चावी दिलीच नव्हती?"

"मागितलेली. 'आहे रे, आहे' बोलले."

"आणि खिशात घेऊन गेला." तिने कपाळाला हात लावला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, ही दुसरी बाळादादांना देऊन टाक. तर म्हणे, हरवली तर? माझ्या पर्समध्ये काय ती सुरक्षित आहे? मी तर विसरलेच होते ही. तुम्ही मीटिंगमध्ये सांगा हे सगळं."

"मी नाय सांगणार वहिनी. आपलं सांगून झालंय एकदा."

साडेदहाला दोघं परत आले. गाडी तीन पावलांवर आली तशी तिने दिवे लुकलुकवले आणि आनंदाने टुकटुक केलं, जणू सकाळपासून हिचा कोणाला काही त्रास झालाच नव्हता. बाळाने आत बसून बटण दाबलं, गाडी वळसा घालून शेवटच्या रांगेत घातली, इंजिन बंद केलं आणि वडी मुठीत घट्ट धरून दोन मिनिटं नुसता बसून राहिला. संध्याकाळी गंधाली आल्यावर त्याने ती तिला परत केली. ती नको म्हणत होती. "ज्यांची गाडी त्यांनी दिली तर घेईन," तो म्हणाला.

घरी मालनला सगळं सांगितलं. मालनने ताट वाढलं आणि म्हणाली, "बोर्ड काढतलस?"

"काढतंय."

"मगे काढ. पण त्या श्रेयसाच्या पाया पडाक जाव नको. जेव आता."

रविवारी अकराला कंपाउंडातच खुर्च्या मांडून मीटिंग बसली. श्रेयस फाइल घेऊन उभा राहिला. तो बंगलोरहून आल्यापासून बाळाशी बोललेला नव्हता आणि आताही त्याच्याकडे न बघता बोलत होता.

"मी पर्सनली कोणाला दोष देत नाही. पण शुक्रवारी जे झालं त्यावरून दिसतं की ही सिस्टीम आता चालणार नाही. गाड्या बदलल्या, तर आपल्यालाही..."

"चावी कोणाच्या खिशात होती?" प्रीतमने मागून विचारलं.

"मी घाईत होतो."

"आम्ही काय हवा खायला चाललो होतो?"

दोघांचं जुंपणार असं दिसताच बाळा पुढे आला. "तुमचं चालू द्या. मी बोललेलो ते करतो." तो केबिनमध्ये गेला. बादली आधीच रिकामी करून पुसून ठेवली होती. आकड्यांवरच्या चाव्या त्याने एकेक करून तिच्यात टाकल्या, पत्र्याचा डबाही टाकला आणि पेचकस घेऊन बोर्डाचे स्क्रू काढायला लागला. चार स्क्रू. तिसरा गंजलेला, फिरेना. सगळी सोसायटी खुर्च्यांवर बसून त्याचं ते कुंथणं ऐकत होती. शेवटी बोर्ड निघाला, भिंतीवर मागे पांढरा चौकोन राहिला. बाळाने बादली आणून खुर्च्यांच्या मधोमध ठेवली.

"न्या आपापल्या."

कोणी उठलं नाही.

उद्या सोमवार होता. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उद्याची सात वाजून दहा मिनिटं होती. रांगेतली आपली जागा, आपल्या पुढची गाडी, तिच्या मालकाचा फोन न उचलण्याचा इतिहास. चिठ्ठ्या टाकायच्या तर जागा सहा, म्हणजे आठ घरांच्या गाड्या रस्त्यावर. हे गणित तिथे बसलेल्या सगळ्यांना येत होतं, पण मोठ्याने मांडलं ते कुंदाकाकूंनी.

"बाळा, तू नेमकं काय म्हणाला होतास?"

"गाडी अडली तर बोर्ड काढीन."

"काढलास?"

"हो."

"झालं तर मग. बोर्ड काढायचं म्हणाला होतास. काम सोडायचं म्हणाला नव्हतास." काकूंनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून श्रेयसकडे बघितलं. "माझी चावी बाळाकडे राहील. त्याने ती कुठे ठेवायची ते त्याचं तो बघेल. तुमच्या प्रस्तावात लिहून घ्या."

"माझीपण," डॉक्टर म्हणाले.

"आणि ज्याची चावी बाळाकडे नाही," प्रीतम म्हणाला, "त्याची गाडी गेटाच्या बाहेर. हेपण लिही. मला पुन्हा पालखी घेऊन कंपाउंडात बसायचं नाही."

हात वर झाले. तेरा घरांचे. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं, त्यामुळे श्रेयसला तो स्वतःच्याच अक्षरात लिहावा लागला. लिहून झाल्यावर त्याने फाइल मिटली आणि वर निघून गेला. गंधाली मागे बसून राहिली होती; तिने हात आधीच वर केला होता.

बाळाला बरं वाटायला हवं होतं. त्याला वैतागच आला. बोर्ड नाही, आता ही तेरा लोढणी ठेवायची कुठे? शर्टाचे दोन्ही खिसे, पँटचे दोन्ही खिसे आणि डबा काखेत, असा तो त्या दिवशी वॉचमनशी, मांजराशी, स्वतःशी भांडत फिरत होता.

श्रेयसची गाडी सोमवारपासून गेटाबाहेर उभी राहिली. तिथे एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे आणि त्यावर बगळ्यांची वस्ती. मंगळवारी सकाळी गाडी पांढरी झालेली. बाळाने ती धुतली, कारण धुणं हे त्याचं काम. बुधवारी पुन्हा पांढरी. पुन्हा धुतली, बगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. वरच्या खिडकीतून कोणीतरी बघतंय हे त्याला कळत होतं. त्याने वर बघितलं नाही.

गुरुवारी पावणेसातला श्रेयस खाली आला. ऑफिसचे कपडे, पायांत घरातली चप्पल. बाळा डॉक्टरांच्या गाडीचं चाक घासत उकिडवा बसलेला. श्रेयसने मूठ पुढे करून उघडली. आत वडी.

"बाळादादा, ही ठेव."

बाळाने मान वर करून वडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"हात ओले आहेत. खिशात टाक."

श्रेयसला वाकावं लागलं. शर्टाच्या खिशात आधीच चार चाव्या कोंबलेल्या होत्या, त्यांच्या खालून त्याने ती कशीबशी सारली. बाळा पुन्हा चाक घासायला लागला, तसा तो वर गेला.

चाक झाल्यावर बाळा बादली उचलून गेटाबाहेर गेला. झाडाखालच्या गाडीपासून तो अजून चार पावलांवर असेल, तोच तिने टुकटुक केलं आणि दोन्ही बाजूंचे मिटलेले आरसे कानांसारखे उघडले.

"आता माकाच मालक समाजता," बाळा तिच्या टपावर पाणी ओतत म्हणाला. "अक्कल नाय ती नायच."